उरलेली दोन हाडं

संग्रहालयाच्या कामशाळेत त्याला सगळे ओळंबा म्हणत. दोरीच्या टोकाला लोंबणारं ते लोखंडी वजन कायम त्याच्या खिशात असे. कुठल्याही कपाटासमोर, दारासमोर, अगदी दुसऱ्याच्या घरी टांगलेल्या फोटोसमोर उभा राहिला तरी त्याचा हात आपोआप खिशात जाई. लग्नानंतरच्या पहिल्याच भेटीत त्याने सासऱ्यांना त्यांच्या घराची चौकट अर्धा बोट कलल्याचं सांगितलं होतं. तसा माणूस नाकासमोर चालणारा. खोटं बोलायचं म्हटलं की त्याच्या कानाच्या पाळ्या लाल होत, म्हणून त्याने तो उद्योग आयुष्यात एकदाच केला. ज्या कामाचा सराव नाही ते पहिल्याच खेपेला नीट जमत नाही, हे सुताराला तरी कळायला हवं होतं.

गाव बंदराचं आणि संग्रहालय बंदरामागच्या रस्त्यावर. आत शिरल्याबरोबर मोठ्या दालनात छताला देवमाशाचा सांगाडा टांगलेला. जबड्याच्या टोकापासून शेपटापर्यंत सव्वीस पावलं. हा सांगाडा एकतीस वर्षांपूर्वी ओळंब्याने उभा केला होता, आणि त्याची माहिती द्यायचं काम दारावरच्या माणसाने, कुणी न सांगता, स्वतःकडे घेतलं होतं. त्याचं नाव पडलं होतं भोंगा. भोंग्याची माहिती ऐकण्यासारखी असे. "हा जगातला सगळ्यात मोठा मासा. डोक्यातून पाण्याचं कारंजं उडवायचा. भूक लागली की होडी गिळायचा, वल्ह्यांसकट." मग तो भिंतीवरच्या गंजक्या भाल्याकडे बोट करी. "आणि याच भाल्यानं आपल्या आजोबा-पणजोबांनी त्याला लोळवला." तो भाला कुणाच्या तरी माळ्यावरून भेट म्हणून आला होता, आणि त्याचा खिळा ओळंब्यानेच ठोकला होता. देवमासा मेला होता तो आपल्या आपणच. लाटांनी त्याला किनाऱ्यावर आणून टाकला, एवढंच. पण ओळंबा भोंग्याला कधी अडवत नसे. ज्याचं स्वतःचं एक बिंग झाकलेलं असतं तो दुसऱ्याचं उघडं करायला जात नाही.

ते बिंग असं होतं. देवमासा किनाऱ्याला लागला तेव्हा म्हाताऱ्या संचालकांनी तो तिथेच वाळूत पुरून ठेवला. मांस कुजायला दोन वर्षं दिली. मग उकरायचं काम निघालं. हाडांना नंबर घालायचे, कुठलं हाड कुठे मिळालं ते वहीत लिहायचं आणि पुढे तो सगळा पसारा जोडायचा, हे काम ओळंब्याकडे आलं. वाळू चाळायला माणसं हवी होती, पण त्या वासापुढे कुणी टिकेना. शेवटी बंदरावरच्या मासे साफ करणाऱ्या बायकांना बोलावलं. त्या आल्या, नाकाला रुमालही न लावता बसल्या आणि चाळीस दिवसांत तो सगळा खड्डा त्यांनी चाळणीतून काढला. बोटाच्या पेराएवढं हाडसुद्धा त्यांच्या हातून सुटलं नाही.

त्यांच्यातली एक पहिल्याच दिवशी म्हणाली होती, "मिस्त्री, हा मासा नाही."

"मग काय आहे?"

"ते तुम्हाला माहीत. सात वर्षं माशांच्या पोटात हात घालतेय मी. असले खांदे कुठल्या माशाला नसतात. याचा तर हात आहे, बोटांसकट."

ओळंब्याने त्या परातीएवढ्या पंज्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं, आणि दुसरं पाहणं थोडं जास्तच लांबलं. पुढचे एकोणचाळीस दिवस तो रोज खड्ड्याच्या त्याच कडेला काहीतरी मोजत असे.

तिसाव्या दिवशी ती दोन हाडं घेऊन आली. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत लांब, मधे किंचित वाकलेली, एकासारखं दुसरं. डोक्याचा रुमाल सोडून तिने त्यात ती गुंडाळली होती, त्यामुळे केस मोकळे होते आणि वारा सुटला होता. "ही जुळी आहेत," ती म्हणाली. "एकत्र ठेवा." ओळंब्याने ती घेतली, एकशे अडुसष्ट आणि एकशे एकोणसत्तर असे नंबर घातले आणि वहीत लिहिलंही. फक्त कुठे मिळाली ते विचारायचं राहिलं. इतक्या हाडांत त्या दोनच ओळी अर्ध्या राहिल्या, आणि त्या का राहिल्या हे कुणाला सांगायची सोय नव्हती.

सांगाडा जोडायला सात महिने लागले. मधल्या काळात त्याचं आणि तिचं ठरलं आणि लग्नही झालं. जोडताना समोर आधाराला होतं संचालकांच्या पुस्तकातलं एक चित्र. मणके ओळीने बसले, बरगड्या बसल्या, पंजे बसले, शेपटाखालची बारकी हाडं बसली. उद्घाटनाला आठ दिवस राहिले आणि टेबलावर ती जुळी उरली. चित्रात त्यांचा पत्ता नव्हता. गळ्याशी लावून पाहिली, बसेनात. पंज्याशी लावली, शेपटाशी लावली, बसेनात. कपाट जोडून दोन खिळे उरले तर माणूस ते डबीत टाकतो आणि विसरतो. इथे हातभर लांब हाडं उरली होती, म्हणजे वर कुठेतरी त्यांची जागा भलत्याच हाडाने घेतली असणार, असं ओळंब्याच्या मनाने घेतलं. सगळं उतरवून पुन्हा जोडायला वेळ नव्हता. संचालकांना जाऊन सांगायला धीर नव्हता. त्याने वहीची नवी प्रत केली, तिच्यात दोन ओळी कमी लिहिल्या आणि हाडं गोणपाटात गुंडाळून हत्यारांच्या पेटीत तळाशी ठेवली.

उद्घाटनाच्या दिवशी संचालक भरल्या दालनात म्हणाले, "आमच्या मिस्त्रींचं काम पाहा. एक हाड इकडचं तिकडे नाही." टाळ्या झाल्या. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते ओळंब्याला तेव्हा कळलं. त्यात शेजारी उभ्या असलेल्या नव्या नवरीने मान वर करून विचारलं, "माझी जुळी कुठे बसवली?"

"तिथे. कवटीच्या मागे, मानेच्या वरच्या अंगाला," तो म्हणाला. "खालून दिसत नाहीत."

त्याचे कान लाल झाले. तिला वाटलं कौतुकाने झाले असतील.

त्यानंतर एकतीस वर्षं ती लोकांना वर बोट करून दाखवत आली. माहेरच्यांना दाखवलं, शेजारणींना दाखवलं, मुलीला कडेवर घेऊन दाखवलं, जावई आला तेव्हा त्याला दाखवलं. "ती बघा, त्या डोक्यामागे माझी दोन हाडं आहेत. इथून दिसत नाहीत, पण आहेत." दर वेळी ओळंबा बुटाच्या नाड्या बांधायला खाली वाकत असे. कामशाळेचं प्रमुखपद चालून आलं तेव्हा त्याने "मला जमणार नाही" म्हणून ते नाकारलं. ते मिळालं नुसत्या नजरेने माप घेणाऱ्या एका गड्याला, आणि बायको चार दिवस बोलली नाही. माणूस एवढा चांगला कारागीर असून स्वतःला कमी का लेखतो, हे तिला कधी उमगलं नाही. मला विचाराल तर असल्या सज्जन माणसांचा रागच येतो. लबाड माणूस एक चूक लपवून मजेत जगतो. हे लोक एक चूक लपवतात आणि तिच्या राखणीला जन्मभर बसतात.

इकडे संचालकांनी माहितीपुस्तिका लिहिली. तिच्यात ओळंब्याच्या प्रतीवरून एक वाक्य गेलं: या प्राण्यात मागच्या पायांचा मागमूसही आढळला नाही. भोंग्याला ते फार आवडलं. "छापून आलंय," तो लोकांना सांगे. "पाय नाहीत, म्हणजे मासाच." संचालक वारले, पुस्तिका राहिली.

ओळंबा निवृत्त होऊन सहा वर्षं झाली आणि संग्रहालयाचं छप्पर गळायला लागलं. सांगाडा खाली उतरवावा लागला. तो पुन्हा नीट टांगायला बाहेरून हाडांच्या अभ्यासक बाई आल्या आणि त्यांनी ओळंब्याला चिठ्ठी पाठवली: पहिलं काम आपण केलंत, तर कृपया येऊन जावं.

चिठ्ठी बायकोनेच वाचून दाखवली. "मीही येते," ती म्हणाली. "आता जमिनीवर आलाय तर माझी जुळी एकदा हातात घेऊन बघते."

"आज नुसतं कामाचं बोलणं आहे," ओळंबा म्हणाला. "तू नंतर ये."

तो एकटाच गेला. दालनात मणके फरशीवर ओळीने मांडले होते. बाई त्याच्या मुलीच्या वयाच्या होत्या, गुडघे टेकून ब्रशने धूळ झाडत होत्या. त्याला पाहून उठल्या. "काका, दोन मणक्यांमधे बुचाच्या चकत्या तुम्हीच घातल्या ना? मोठमोठ्या संग्रहालयांत मणके नुसते एकमेकांना चिकटवतात आणि प्राणी हातभर आखूड करून ठेवतात. तुमचा बरोबर आहे. क्रमसुद्धा सगळा बरोबर आहे."

"सगळा?" ओळंब्याने विचारलं.

"सगळा. एकही हाड चुकीच्या जागी नाही."

ओळंब्याला वाटलं, बाईंनी नीट तपासलं नसेल.

तेवढ्यात भोंगा पुढे सरसावला. पाहुणीला आपली माहिती ऐकवायची संधी तो सोडतो कसा? बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि न हसता उत्तरं दिली, हे त्यांचं मोठेपण. तो मासा नाही, म्हणाल्या. आपल्यासारखाच हवेवर जगतो, पिलांना दूध पाजतो. डोक्यातून पाणी उडत नाही, तो त्याचा श्वास असतो. गरम, ओला श्वास. थंड हवेत त्याची वाफ दिसते. होडी गिळणं तर दूरच, या जातीच्या घशातून मोसंबं गेलं तरी पुष्कळ. तोंडातल्या झालरीने तो पाणी गाळून बारके जीव खातो, आणि त्या झालरीला लोक हाड म्हणतात तेही खोटं. ती नखासारखी असते.

भोंग्याचा चेहरा उतरत चालला. "पण शिकार तरी खरी ना? आजोबा-पणजोबा भाला घेऊन होडीतून जायचे, दिव्याला तेल हवं म्हणून. मग वीज आली आणि देवमासे वाचले."

"शिकार खरी," बाई म्हणाल्या. "पण वीज आल्यावरच सगळ्यात जास्त मारले. आणि हा तर असा पळणारा, की वल्ही मारून याला कुणी गाठूच शकत नसे. याच्यामागे लागली ती इंजिनाची जहाजं. तोफेतून भाला सोडायचे, तो आत जाऊन फुटायचा. जहाजावरच कारखाना. चरबीचा साबण व्हायचा, पावाला लावायचं स्वस्त लोणी व्हायचं. तुमच्या-माझ्या घरातल्यांनी ते खाल्लं असेल, न कळता. आजोबा-पणजोबांना भाल्यासकट मोकळं सोडा."

भोंग्याने भिंतीवरच्या भाल्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "बाई, मग माझ्याजवळ राहिलं काय सांगायला?"

"हेच सांगा. आधीच्यापेक्षा चांगलं आहे."

ओळंब्याला हसू येणार होतं, पण बाई आता पुस्तिका उघडून त्याच्याकडे वळल्या होत्या. "हे एक वाक्य मात्र मला पटत नाही, काका. या जातीला मागच्या पायांच्या कमरेची दोन हाडं उरलेली असतातच. लहान, वाकडी, जोडीची. ती कशालाच जोडलेली नसतात. कण्याशी नाही, बरगडीशी नाही. मांसात नुसती तरंगत असतात. पुष्कळ जुन्या चित्रांत ती दाखवतच नाहीत."

ओळंबा शेजारच्या खोक्यावर बसला. चुकलं नव्हतं. एकतीस वर्षं तो ज्या चुकीची राखण करत होता ती झालीच नव्हती. त्या दोन हाडांना सांगाड्यात जागाच नव्हती. ती कुठेच बसत नव्हती, कारण ती कुठे बसायचीच नव्हती. त्याला एकदम हलकं वाटलं, आणि ते हलकेपण जेमतेम एक श्वासभर टिकलं.

"म्हणजे ती हरवली," बाई पुढे म्हणत होत्या. "मी तसं नोंदवणार आहे. उत्खनन करणाऱ्या मजुरांच्या निष्काळजीपणामुळे गहाळ. तेव्हा वाळू चाळायला कुणीतरी बंदरावरच्या बायका घेतल्या होत्या म्हणे. त्यांना बिचाऱ्यांना काय कळणार?"

ओळंबा खोक्यावरून उठला. मग म्हणाला, "आजच लिहू नका. उद्या सकाळी येतो, तोवर थांबा."

घरी पोचला तेव्हा दुपारचं ऊन स्वयंपाकघरात आलं होतं आणि बायको चहा गाळत होती. तो हत्यारांची पेटी घेऊन आला, तळातून गोणपाट काढलं आणि टेबलावर ठेवलं. तिने हात पुसले, गाठ सोडली आणि बघत राहिली. ओळखायला तिला क्षणही लागला नाही.

"ही इथे कशी?"

त्याने सांगितलं. आठ दिवस, चित्र, वहीची दुसरी प्रत, टाळ्या. प्रमुखपद का नको म्हणाला तेही सांगितलं. आणि शेवटी, आज बाई काय म्हणाल्या आणि काय लिहिणार आहेत तेही. चहा निवून त्यावर साय आली.

"एकतीस वर्षं," ती म्हणाली, "मी लोकांना वर बोट दाखवत होते. आणि तुम्ही शेजारी उभे होतात."

"हो."

"जावयालासुद्धा दाखवलं मी."

"हो."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं, रागाचंच आलं, आणि त्याने ते पुसायचा प्रयत्न केला नाही, हे त्याने शहाणपणाचं केलं. त्याला स्वतःची लाज वाटत होती, पण आजवर वाटत आली तशी कारागिराची नव्हे, नवऱ्याची.

सकाळी ती त्याच्याआधी तयार होऊन बसली होती. चांगले कपडे, केस नीट बांधलेले, गोणपाट काखेत. रस्ताभर ती चार पावलं पुढे चालली. दालनात शिरली ती भोंग्याकडे न पाहता सरळ बाईंसमोर गेली आणि दोन्ही हाडं त्यांच्या टेबलावर ठेवली. "वाळू चाळणाऱ्या बायकांच्या हातून काही हरवलं नव्हतं," ती म्हणाली. "मी त्यांच्यातली एक."

बाईंनी हाडं उचलली, उजेडात फिरवून पाहिली. मग त्यांनी दोघांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं आणि काय ते ओळखलं असावं. "जुन्या भांडारात सापडली असं लिहिता येईल," त्या हळूच म्हणाल्या.

"नको," ओळंबा म्हणाला. "मी लपवली होती. माझ्या घरात होती. तसंच लिहा." त्याचे कान अगदी नेहमीच्या रंगाचे होते.

बाईंनी लिहून घेतलं. "आता ती टांगायची कुठे, हा प्रश्न आहे. नक्की कुठल्या मणक्याखाली, किती खोल, हे कुठेच नोंदलेलं नाही. अंदाजानेच टांगावी लागतील."

"अंदाज कशाला?" ओळंब्याची बायको म्हणाली.

ती फरशीवरच्या मणक्यांच्या ओळीकडे गेली. शेपटाच्या टोकापासून मोजत, ओठ हलवत, एकेक पाऊल पुढे सरकत एका जागी थांबली आणि वाकली. "इथे. कण्यापासून पोटाच्या बाजूला एवढं." तिने उजवा हात लांब केला आणि त्याच्या पुढे डाव्या हाताची वीत जोडली. "तो डाव्या कुशीवर पडला होता. म्हणून ही एकाखाली एक होती, मधे थोडी वाळू. जाडं टोक डोक्याकडे, निमुळतं शेपटाकडे. आसपास दुसरं काही नव्हतं, नुसती चरबीने काळी पडलेली वाळू. कशाला चिकटलेली नव्हती. तशीच होती, सुटी."

बाई भराभर मापं घेत होत्या. ओळंबा मात्र जागचा हलला नाही. काखेत कळसा अन् गावाला वळसा म्हणतात. इथे तर माणूस वळसा घालायलाही उठला नव्हता. रोज सकाळ-संध्याकाळ ज्या टेबलाशी चहा प्यायचा, त्याच टेबलाच्या पलीकडे उत्तर बसलेलं होतं.

"तुला माहीत होतं?" त्याने विचारलं. "सुटी होती हे तुला तेव्हापासून माहीत होतं?"

"मीच काढली ना. मला नाही तर कुणाला माहीत असणार?"

"मग बोलली नाहीस ती कधी?"

"मला वाटलं, मिस्त्रींना कळत असेल." ती उठली, गुडघ्यावरची धूळ झाडली. तिचा आवाज कालच्यापेक्षा मऊ होता, पण अजून पुरता निवळला नव्हता. "आणि त्या दिवशी रुमाल सोडून ती तुमच्या हातात दिली, तेव्हा किती वेळ उभी होते मी तिथे. म्हटलं, काहीतरी विचारतील. कुठे मिळाली, कशी मिळाली, काहीही. तुम्ही नंबर घातलात आणि मान खाली घालून लिहीत बसलात."

ओळंब्याला तो दिवस आठवत होता, वारासुद्धा आठवत होता. आपण काय विसरलो ते त्याला इतकी वर्षं ठाऊक होतं. समोर ती वाट बघत उभी होती, हे मात्र आज कळलं.

त्याने टेबलावरची दोन्ही हाडं उचलली आणि तिच्याजवळ जाऊन उभा राहिला. "यातलं डावं कुठलं आणि उजवं कुठलं?" त्याने विचारलं.

"वरच्याला, म्हणजे उजव्याला, माझं खुरपं लागलं होतं. बघा, ओरखडा असेल," ती म्हणाली आणि चष्मा पुसायला लागली.

ओरखडा होता. तो त्याला पाठ होता, आणि तो पेटीतल्या आपल्याच पटाशीचा आहे असं तो आजवर समजत आला होता.